मुरलेले डिझेल

तीन वर्षे एकाच जागी उभा असलेला माझा जुना ट्रक काल दुपारी अखेर सुरू झाला आणि त्याचे श्रेय शेजारच्या काकांना मिळाले. हे लिहितानाही माझ्या हातांना डिझेलचा वास येत आहे, त्यांच्या हातांना येत नाही, एवढे आरंभीच नमूद करतो.

डिझेल साधारणपणे सहा महिने ते वर्षभर नीट टिकते. पुढे हवेच्या संयोगाने त्यात डिंकासारखा चिकटा धरू लागतो, अर्धवट रिकाम्या टाकीतल्या दमट हवेचे पाणी होऊन तळाशी बसते, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजंतू संसार थाटतात. माझ्या टाकीत त्यांच्या अनेक पिढ्या सुखाने नांदल्या असाव्यात, कारण तळाचा प्लग सोडताच आधी पाणी आले, मग काळा बुळबुळीत गाळ आला, आणि डिझेल म्हणता येईल असे काही सर्वांत शेवटी आले. नेमक्या त्याच वेळी काका हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

“हे ओतून का देतोयस?”

“खराब झालंय, काका.”

“डिझेल कधी खराब होतं का? जमिनीखाली लाखो वर्षं होतं तेव्हा नाही झालं, आणि तुझ्या टाकीत तीन वर्षांत झालं?”

जमिनीखाली होते ते कच्चे तेल, तेही हवेपासून दूर, हे उत्तर मला येत होते. परंतु ट्रकखाली उताणे पडून, कपाळावर गाळाचे थेंब झेलत असताना कोणतेही शास्त्र पटवून देता येत नाही. काका मात्र खाली वाकून पुढच्या मुद्द्यावर आले होते.

“स्पार्क प्लग साफ केलास?”

“डिझेलच्या इंजिनाला स्पार्क प्लग नसतो.”

“मग पेटतं कशानं?”

“हवा जोरात दाबली की तापते. त्यात डिझेल फवारलं की आपोआप पेटतं.”

“आपोआप!” काकांनी माझ्याकडे अपार करुणेने पाहिले. “मग पेटत का नाही?”

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी ठरले. त्याआधीच्या कित्येक वर्षांच्या खटपटीत त्यांनाही हाच प्रश्न कोणीतरी हात पाठीमागे बांधूनच विचारला असणार. असो. त्यानंतर काकांनी टाकीत ओतायच्या औषधाची शिफारस केली. ते ताज्या डिझेलमध्ये घातले तर ते अधिक काळ टिकते, एकदा बिघडलेले पुन्हा तरुण होत नाही, कलप लावल्याने वय थोडेच उतरते, असे मी म्हणालो. काका कलप लावतात, हे मला बोलून झाल्यावर आठवले. नंतरची दहा मिनिटे अत्यंत शांततेत गेली.

टाकी धुतली, फिल्टर बदलला, ताजे डिझेल भरले. मग एअर, म्हणजे डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा, काढायचे काम. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप दाबत राहायचे आणि बुडबुडे संपून डिझेलची अखंड धार लागली की स्क्रू आवळायचा, एवढेच ते काम आहे, आणि एवढ्यानेच माझ्या अंगठ्याला फोड आला. सेल्फ मारला. नुसतीच घरघर. पुन्हा एअर काढली, पुन्हा सेल्फ, पुन्हा घरघर. तेव्हा काकांनी पुढे होऊन बोनेटवर एक थाप मारली आणि म्हणाले, “आता मार.”

पांढऱ्या धुराचा लोट सोडून ट्रक सुरू झाला. माझ्याच घराच्या खिडकीतून टाळ्या वाजल्या, आणि काकांनी हात उंचावून त्या स्वीकारल्या.

संध्याकाळी ते कोणाला तरी सांगत होते की डिझेलमध्ये काहीच दोष नव्हता, मुलाचा हात तेवढा कच्चा होता. जुने डिझेल गटारात ओतता येत नाही, म्हणून दोन कॅन भरून मी अंगणात ठेवले आहेत. आज सकाळी काकांनी त्यांतला एक मागितला. त्यांचा जनरेटर बंद आहे आणि त्यांच्या मते हे डिझेल चांगले मुरलेले आहे. मी “नको, काका” म्हणालो खरा, पण म्हणायला मला बराच वेळ लागला.