मसोतं उन्हात टाका

मी चौदा वर्षांपासून जळगावच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. राहते भुसावळला, रोजचं अपडाऊन. पावसाळा लागला की टायफॉईड आणि काविळीच्या तपासण्या वाढतात. रक्त घेताना मी विचारते, पिण्याचं पाणी कसं साठवता, घरात अजून कोणी आजारी आहे का? खेड्यावरून आलेली एखादी बाई लगेच दुखावते. "ताई, आमनं घर चकाचक से, अठे कसाना जंतू?"

ती खोटं बोलत नाही. घर खरंच चकाचक असतं. फरशी दोनदा पुसलेली, मांडणीवर पितळी डबे ओळीने लावलेले. पण ओट्यावरचं मसोतं बघा. सकाळी त्यानेच उतू गेलेलं दूध पुसलं, दुपारी कळण्याचं पीठ, रात्री वांगी भाजल्यावरचा ओटा. मग ते बोळा करून सिंकच्या कडेला टाकलं. जंतूंना वाढायला ओल, ऊब आणि खरकटं लागतं, आणि त्या बोळ्यात रात्रभर या तिन्ही गोष्टी असतात. सकाळी त्याच मसोत्याने ताट पुसून आपण पोराला जेवायला वाढतो.

यात बायांना बोल लावणाऱ्यांचा मला फार राग येतो. तापी उशाशी असून भुसावळात नळाला कितीतरी दिवस पाणी येत नाही. धुळे, अमळनेर, जळगावकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. वाहत्या नळाखाली हात धुवा, फडकं रोज भरपूर पाण्यात धुवा, असं सांगणाऱ्याने एकदा आमच्या ड्रममध्ये वाकून बघावं. पाणी जपायचं म्हणून एका बादलीत सगळं घर पुसलं जातं. दुसऱ्या खोलीपर्यंत पाणी काळं होतं, मग त्यात फिनेलचं अजून एक झाकण ओततात. वास छान येतो, घर धुतल्यासारखं वाटतं. पण मळक्या पाण्यात औषधाची ताकद मळावरच खर्च होते. आधी साबणाने मळ काढायचा, औषध त्यानंतर. आणि बादली एकच असेल तर सुरुवात स्वयंपाकघरातून करायची, मोरी आणि संडास शेवटी. त्याचं पुसणं वेगळंच ठेवायचं.

पाणी नसलं तरी आपल्याकडे ऊन आहे. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा दोरीवरचं फडकं डोळ्यांदेखत वाळतं. तांब्याभर पाण्यात साबण लावून खळबळलेलं आणि कडकडीत वाळलेलं मसोतं हे फिनेलमध्ये भिजवून ओलंच ठेवलेल्या मसोत्यापेक्षा केव्हाही चांगलं. दोन मसोती करा, एक वापरात, एक दोरीवर. जुन्या सुती लुगड्याची केली तर खर्चही नाही.

तेच ऊन ब्लीचिंग पावडरचं मात्र वाटोळं करतं. गच्चीवर पिशवी उघडी राहिली की त्यातला क्लोरीन उडून जातो आणि हाती चुना उरतो. हवाबंद डब्यात, सावलीत ठेवा. हायपोक्लोराइट म्हणजे पातळ ब्लीच, त्याच्या बाटलीचंही तेच. बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं असेल तर एक लिटर पाण्यात २० मिली टाका, ०.१ टक्क्याचं पाणी होतं. संडासाची कडी, नळाची चावी यांना ते पुरतं, पण लावून दहा मिनिटं ओलं राहू द्या. लावल्या लावल्या पुसून टाकलं तर काही उपयोग नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगते. माझ्या मावशीने दिवाळीच्या साफसफाईत संडासात आधी ब्लीचिंग पावडर टाकली आणि डाग निघेना म्हणून वरून ॲसिड ओतलं. दार लावलेलं होतं. क्लोरीनचा वायू झाला. ती खोकत, डोळे चोळत कशीबशी बाहेर आली, रात्रभर ऑक्सिजनवर होती. या दोन वस्तू कधीच एकत्र करू नका. जास्त स्वच्छ होतं असं जे सांगतात, त्यांचं ऐकू नका.

आता कामाच्या जागांबद्दल. कितीतरी ऑफिसांत, दुकानांत मी पाहिलंय, साफसफाईच्या मावशींना एक बादली, एक फडकं आणि हातमोजे नाहीतच. त्याच फडक्याने बेसिन, त्यानेच टेबल, त्यानेच पाण्याच्या जारची तोटी. शेठ लोकांना माझी विनंती आहे, तीन रंगांची फडकी आणून द्या. संडासाला लाल, टेबलांना निळं, पाण्याच्या जागेला पांढरं. सोबत रबरी मोजे आणि हात धुवायला साबण. पिण्याच्या पाण्यात कोणाचा हात बुडू नये म्हणून लांब दांड्याचं ओगराळंही ठेवा. आमच्या लॅबमध्ये हे मागायला मला दोन वर्षं लागली. आता गच्चीवर रोज तीन रंग वाळत असतात, आणि ते बघून मला मनापासून बरं वाटतं.

ड्रमचं राहिलंच. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो आणि ती पाण्याच्या रेषेवर, भिंतीला चिकटतात. पाणी ओतून दिलं तरी ती महिनोनमहिने कोरडी तग धरतात, पुन्हा पाणी भरलं की अळ्या होतात. म्हणून आतून काथ्याने घासावंच लागतं, आठवड्यातून एकदा. भरलेला ड्रम ओतून द्यायला कोणाचाच जीव होत नाही, माझाही नाही. पण नळ यायच्या आदल्या दिवशी तो तळाला गेलेला असतो. आमच्याकडे परवा नळ आहे. उद्या संध्याकाळी घरी पोचले की मी आणि लेक मिळून दोन्ही ड्रम आडवे करून घासणार आहोत.