मेल आला का हो?

सर्व्हर पूर्ण बंद पडला तर आमच्या ऑफिसात कोणी काही बोलत नाही; सगळे चहाला जातात. मेल उशिरा आला की मात्र मोर्चा थेट माझ्या टेबलावर. अकाउंट्सच्या मॅडम तर मेल पाठवल्याची वर्दी द्यायला स्वतः जिना उतरून येतात, आणि मेलच्या आधी पोचतात.

"रॅम वाढव," साहेब म्हणाले. साहेबांकडे प्रत्येक दुखण्यावर रॅमच असते. मागे प्रिंटरमध्ये कागद अडकला तेव्हाही त्यांनी तीच सुचवली होती.

प्रत्यक्षात रॅम रिकामी होती आणि सीपीयू जांभया देत होता. स्पॅम हुडकणारा आमचा प्रोग्रॅम स्पॅमअसॅसिन मात्र एकेका मेलवर पंधरा-पंधरा सेकंद ठाण मांडून बसलेला. मग त्याला डीबग मोडमध्ये बोलतं केलं. ओळी धो धो वाहत सुटल्या आणि डीएनएसपाशी, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या चौकशी-खिडकीपाशी, येऊन गपकन थांबल्या.

हा गडी मेल आला की स्थळ आल्यासारखी चौकशी सुरू करतो. पाठवणाऱ्याचा आयपी कुठल्या काळ्या यादीत आहे का, मेलमधली लिंक कुठे बदनाम आहे का, हे डीएनएसवरून चार ठिकाणी विचारतो आणि गुण मांडतो. इथे जास्त गुणवाला नापास: 5 झाले की स्पॅम. हे सगळं ठीक, पण आमच्या कॉन्फिगमध्ये कुठल्याशा पूर्वजाने एनजेएबीएल नावाच्या काळ्या यादीचंही नाव घालून ठेवलं होतं. ती यादी 2013 सालीच मिटली. म्हणजे प्रत्येक स्थळामागे हा स्वर्गवासी मामांचा होकार यायची वाट बघत बसणार!

तरी आमचे मामा सज्जन, नुसते गप्प राहिले. ओआरडीबी ही अशीच दुसरी यादी 2006 च्या डिसेंबरात बंद झाली, तरी लोक विचारतच राहिले. अखेर 2008 च्या मार्चमध्ये तिने सरसकट सगळ्यांनाच स्पॅम ठरवायला सुरुवात केली. मग मात्र लोकांना कॉन्फिग उघडायला बरोबर वेळ मिळाला.

मेलेल्या याद्या काढल्या. डीएनएससाठी 8.8.8.8 कडे, म्हणजे गुगलच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरकडे, धावणं बंद करून सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवला. नाहीतरी सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून विचारलं तर स्पॅमहाउस हे काळ्या याद्यांचं मोठं घराणं धड उत्तर देत नाही. जुन्या मेलमधल्या शब्दांवरून स्पॅम ओळखायला शिकणाऱ्या बेझच्या डेटाबेसची झाडलोट ऐन मेल तपासताना निघायची, ती ठरल्या वेळी कामं उरकणाऱ्या क्रॉनला रात्रीसाठी लावून दिली. मेल पळू लागले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मागवलेली रॅम आली. आली म्हणून लावली. तेव्हापासून ऑफिसात सगळे म्हणतात, रॅमने बाकी चांगलाच फरक पडला.