क्लिक करा हो, बिनधास्त करा!

'हे बघून तुमचा विश्वासच बसणार नाही' असा व्हिडिओ समोर आलाय आणि तुम्ही विचार करत बसलाय? दाबा की ते प्लेचं बटण! आता त्याच्यावर फेसबुकसारख्या साइटचं एक न दिसणारं पान पसरलेलं असतं आणि बरोब्बर तुमच्या बोटाखाली त्या पानातलं लाईकचं बटण आणून ठेवलेलं असतं, म्हणजे दिसतं एक नि दाबलं जातं भलतंच, पण एवढ्या खोलात शिरायला वेळ कुणाला आहे.

जेरेमाया ग्रॉसमन आणि रॉबर्ट हॅन्सन या दोन संगणक-सुरक्षा तज्ज्ञांनी २००८ साली याचं क्लिकजॅकिंग असं बारसं केलं आणि सगळ्यांना सावध केलं. लोक इतके सावध झाले की फेब्रुवारी २००९ मध्ये ट्विटरवर 'क्लिक करू नका' असं लिहिलेली लिंक फिरली, उघडलं की आत बटण, त्यावरही तेच लिहिलेलं, आणि लोकांनी अर्थातच क्लिक केलं, मग त्यांच्या अकाउंटवरून तेच ट्विट पुढे! यापेक्षा स्पष्ट सूचना काय द्यायची सांगा.

तर तुमचं काम सोपं आहे. लॉगआउट कधीच करायचं नाही, कारण तुम्ही लॉगिन असलात तरच तो चोरटा लाईक तुमच्या नावावर पडतो, उगाच कुणाची मेहनत वाया का घालवा. अनोळखी लिंक वेगळ्या ब्राउझरमध्ये, लॉगिन न करता उघडणं हा तर शुद्ध भित्रेपणा. ब्राउझर अपडेट करू नका, कारण आपलं पान दुसऱ्या साइटच्या पोटात उघडू नये असं वेबसाइट सांगते तेव्हा ते ऐकतो ब्राउझरच. शिवाय 'तुम्ही रोबो नाही ना, मग डबल क्लिक करा' असं कुणी म्हटलं तर लगेच दोनदा टकटक करा, पहिल्या क्लिकला वरची खिडकी बंद होते आणि दुसरा थेट खालच्या, कुठल्यातरी अनोळखी अॅपला 'परवानगी द्या' म्हणणाऱ्या बटणावर पडतो, आणि इथे तर ते आधीचं संरक्षणही कामाला येत नाही. छान सोय आहे!

मग मित्र विचारतो, अरे हे काय शेअर केलंस? तेव्हा 'अकाउंट हॅक झालं रे' म्हणायचं आणि फक्त पासवर्ड बदलायचा. पासवर्ड कुणी चोरलेलाच नसतो हा भाग वेगळा. अॅक्टिव्हिटी लॉगमध्ये जाऊन तो लाईक काढणं, सेटिंगमधून त्या अनोळखी अॅपची परवानगी रद्द करणं, छे, फार कटकट, दोन मिनिटं जातात त्यात, तेवढ्यात अजून एक व्हिडिओ बघून होतो.