पिवळ्या रेघेपलीकडे कार्ट का चालत नाही

अमेरिकेतल्या सुपरमार्केटवाल्यांवर माझा एक जुना राग आहे, तो आज लिहूनच टाकते. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

इथे बऱ्याच दुकानांच्या पार्किंगच्या कडेला डांबरावर जाड पिवळी रेघ मारलेली असते. शेजारी पाटी: रेघ ओलांडली की कार्टचं चाक लॉक होईल. त्या हद्दीवर जमिनीखाली तार पुरलेली असते आणि तिच्यातून कमी फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सतत चालू असतो. कार्टच्या एका चाकात बॅटरी, छोटासा रिसीव्हर आणि ब्रेक बसवलेला असतो. सिग्नल पकडला की चाक जॅम. गंमत अशी की जॅम होतं ते एकच चाक. म्हणजे कार्ट सरळ थांबत नाही, गर्रकन एका अंगाला वळते आणि दांडा आपल्या बरगडीत बसतो. वरची अंडी सांभाळायची की खालचे बटाटे, हे ठरवेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मग आतून कुणीतरी रिमोट घेऊन येतं आणि चाक सोडवतं. त्या वेळी आपल्याकडे ज्या नजरेने बघतात ना, राग खरा त्याचा आहे.

नवऱ्याच्या व्हिसावर सॅन होजेला आले तेव्हा घरात एकच गाडी. ती सकाळी त्याच्याबरोबर ऑफिसला जायची. माझ्याकडे लायसन्स नव्हतं. दुकान पाऊण मैलावर. जाताना मस्त वाटायचं, येताना वीस पौंडांची तांदळाची पिशवी आणि दुधाचा गॅलनचा कॅन. आपल्या मुलींपैकी कितीजणी अशा दिवसांतून गेल्यात ते मला ठाऊक आहे, त्यामुळे जास्त सांगत नाही. हाताला पडलेले पिशवीच्या बंदांचे वळ सगळ्यांना आठवत असतील.

आता जरा मागे जाऊ. ही कार्ट आली कुठून? १९३७ साली ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन नावाचा दुकानदार होता, 'हम्प्टी डम्प्टी' ही त्याची दुकानं. त्याच्या लक्षात आलं की हातातली टोपली जड झाली की बाई खरेदी थांबवते. त्याने घडीच्या खुर्चीच्या सांगाड्याला चाकं लावली, वर-खाली दोन टोपल्या बसवल्या. सुरुवातीला लोक हात लावेनात. तरुण पुरुषांना वाटे, आपण टोपलीही उचलू शकत नाही असं दिसेल. बायका म्हणत, बाबागाड्या ढकलून झाल्या तेवढ्या पुरे. मग पठ्ठ्याने वेगवेगळ्या वयाची माणसं पगारावर ठेवली आणि त्यांना दुकानात कार्ट ढकलत फिरायला लावलं. दहाएक वर्षांनी कॅन्सस सिटीच्या ऑर्ला वॉटसनने एकात एक सरकणारी कार्ट काढली, आणि आज दाराशी दिसते ती लांबलचक रांग शक्य झाली.

थोडक्यात, हातात मावेल त्याहून जास्त माल तुमच्या गळ्यात मारता यावा म्हणून कार्ट जन्माला आली. तो बेत नव्वद वर्षं झकास चाललाय. पण हातात न मावणारा माल घेऊन पायी घरी निघालेल्या बाईला पार्किंगच्या कडेला सांगायचं, 'बाई, इथून पुढे तुमचं तुम्ही बघा', वर तिला चोर धरायचं, हे काही मला पटत नाही. दुकान बांधताना गृहीत धरलेलं असतं की गिऱ्हाईक गाडीतूनच येणार. जे तसं येत नाही, त्याच्यासाठी ती रेघ.

दुकानदाराची बाजू मला कळत नाही असं नाही. एक कार्ट शंभर डॉलरच्या वर जाते. कॅलिफोर्नियात कार्टवर दुकानाचं नाव आणि 'आवाराबाहेर नेणं बेकायदा आहे' अशी सूचना लावलेली असेल, तर ती परवानगीशिवाय बाहेर नेणं हा गुन्हा आहे. पुढच्या खेपेस दांड्याजवळचा बारीक मजकूर वाचा. रस्त्यात पडलेल्या कार्ट शहर उचलून नेतं आणि दुकानाकडून खर्च वसूल करू शकतं. त्या गोळा करत फिरणारे ट्रक हा इथे वेगळा धंदाच आहे. सॅन होजेतल्या कायोटी क्रीक या ओढ्याची सफाई करणारे स्वयंसेवक गाळातून कार्ट ओढून काढतात, ते चित्रही काही चांगलं नाही.

काही ठिकाणी कार्टला उंच खांब जोडतात म्हणजे ती दारातून बाहेरच पडत नाही. काही चाकं तर काउंटरवरून न जाता दाराकडे निघालात की तिथेच लॉक होतात; तो बंदोबस्त मालाच्या चोरीसाठी, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मला मनापासून आवडतो तो नाण्याचा बंदोबस्त. पुढे आम्ही शिकागोजवळ राहायला गेलो आणि आल्डीशी ओळख झाली. ही मूळची जर्मन कंपनी, १९७६ साली आयोवात तिचं अमेरिकेतलं पहिलं दुकान निघालं. इथे कार्ट एकमेकींना साखळीने बांधलेल्या असतात. दांड्यावरच्या खाचेत क्वार्टर सरकवायचा, साखळीची चावी टक्कन बाहेर येते. काम झालं की कार्ट रांगेत लावायची, पुढच्या कार्टची चावी खाचेत खुपसायची, आपला क्वार्टर परत. क्वार्टर म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं, इथली पावली. आपली पावली २०११ साली चलनातून गेली. इथली चालू आहे, पण तिच्यात येतं काय? काही नाही. तरी शून्याखालच्या थंडीत, नाक गळत असताना, माणसं सबंध पार्किंग ओलांडून कार्ट परत लावायला जातात. पावलीत जीव अडकतो! ती कुणी हिसकावून घेतलेली नसते, आपणच ठेवलेली असते, म्हणून ती सोडवायची असते. कार्ट गोळा करायला वेगळी माणसं लागत नाहीत, दुकानाचे पैसे वाचतात.

वर लोकांचा आपसात व्यवहार सुरू होतो. गाडीतून उतरेपर्यंत एखादी आजी आपली रिकामी कार्ट पुढे करते, आपण तिच्या हातावर क्वार्टर ठेवायचा. कुणी घेतं, कुणी 'राहू दे' म्हणतं. मग आपणही पुढच्याला तशीच फुकट द्यायची. पिवळ्या रेघेजवळ असं काही कधी झालेलं मी पाहिलं नाही.

जर्मनीत एक युरो लागतो, शिवाय लोक किल्ल्यांच्या जुडग्यात त्याच मापाची प्लॅस्टिकची चकती बाळगतात. ब्रिटनमध्ये २०१७ साली बारा कोनी नवा पौंड आला, तेव्हा दुकानांना ट्रॉल्यांची कुलपं बदलत बसावं लागलं.

अर्थात नाण्याने आळस जातो, गरज जात नाही. ज्याला कार्ट न्यायचीच आहे त्याला क्वार्टरमध्ये ती स्वस्तच पडली. आणि आळशीपणासाठी अमेरिकेत यायलाही नको. पुण्यात बहिणीच्या सोसायटीत सामान वर न्यायला पार्किंगमध्ये ट्रॉल्या ठेवल्यात. रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर तोच प्रश्न, 'ट्रॉली कुणाच्या मजल्यावर आहे?' सगळे गप्प. शेवटी वॉचमनकाका अकराव्या मजल्यापासून हुडकत खाली येतात. कोट्यवधींचे फ्लॅट, पण ट्रॉली लिफ्टने खाली सोडायची म्हणजे कमीपणा! तिथे दहाच्या नाण्याचं कुलूप उद्या बसवा, परवा फरक दिसेल.

ज्यांचं घरच कार्टमध्ये आहे त्यांची गोष्ट मात्र वेगळी. लॉस एंजेलिसच्या स्किड रो या बेघरांच्या वस्तीत माणसं जेवायला, अंघोळीला गेली की महापालिकेचे लोक त्यांचं मागे ठेवलेलं सामान उचलून नष्ट करायचे. त्यावर खटला झाला आणि २०१२ साली अपील न्यायालयाने सांगितलं की बेघर माणसाची वस्तू फुटपाथवर असली तरी ती त्याची मालमत्ता आहे, अशी परस्पर नष्ट करता येणार नाही. कार्ट दुकानाची असेल. तिच्यातलं पांघरूण, औषधं, कागदपत्रं त्याची. तिथे चाक लॉक करून कोणता प्रश्न सुटतो?

माझं मागणं फार मोठं नाही. कार्ट गोळा करायला ट्रक फिरतोच आहे. तो जवळच्या अपार्टमेंटच्या फाटकाशी थांबेल, तिथे कार्ट लावायला एक कठडा करा, त्याला नाण्याचं कुलूप घाला. निदान ती तार बसस्टॉपच्या अलीकडे पुरण्याऐवजी पलीकडे पुरा.

हे होईपर्यंत, ज्यांचे आई-बाबा या उन्हाळ्यात इकडे येणार आहेत त्यांनी दोन चाकांची घडीची ओढगाडी आधीच आणून ठेवा. त्यांना गाडी चालवायची नसते आणि तुम्ही ऑफिसला गेलात की ते दुकानात जाणारच. मोठ्या चाकांची घ्या, छोटी चाकं फुटपाथच्या फटीत अडकतात.