स्पीड टेस्ट पूर्ण, तरी कॉल अडकतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचा आक्षेप असा की, 'नेट स्लो वाटलं तर आधी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून बघा' असं लिहून मी सगळा दोष वापरणाऱ्याच्या माथी मारतो आणि कंपनीला मोकळं सोडतो. तुमच्याकडे स्पीड टेस्ट पूर्ण १०० एमबीपीएस दाखवते, तरी संध्याकाळी व्हिडिओ कॉल अडकतो. मग सरळ मोठा प्लॅन घ्यावा, डीएनएस बदलावा. सामान्य माणसाला पिंग (एक छोटा संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) कशाला शिकवायचं, असं तुम्ही विचारता.

केबलची चाचणी ही तुमच्या बाजूने उभी राहणारी गोष्ट आहे. तक्रार केली की समोरून पहिलं उत्तर येतं, 'तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम असेल.' बाकी सगळी उपकरणं बंद ठेवून, एकच लॅपटॉप केबलवर लावूनही वेग कमी आला, तर त्या उत्तराला जागाच उरत नाही. दुपारचे आणि रात्रीचे आकडे वेळेसकट लिहून ठेवा. केबलवरही फक्त रात्रीच वेग पडत असेल, तर गर्दी बहुधा घराबाहेर आहे आणि ती निस्तरणं कंपनीचंच काम आहे. टेस्टचा सर्व्हर पुष्कळदा कंपनीच्याच नेटवर्कमध्ये असतो, म्हणून दूरच्या सर्व्हरवरही मोजा. फक्त केबल धड हवी. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसच्या जोडणीला, केबलमधल्या आठही तारा लागतात. त्यातली एखादी तुटली की पोर्ट मुकाट्याने १०० वर उतरतो. ३०० च्या प्लॅनवर आकडा सारखा ९४-९५ ला थांबत असेल, तर इतर काही करण्याआधी केबल बदला.

आता तुमची खरी अडचण. स्पीड टेस्ट सांगते ती एका सेकंदात किती डेटा जातो ते. व्हिडिओ कॉलला फार डेटा लागत नाही, दोन-चार एमबीपीएस पुरतात. त्याला हवं असतं प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, वेळेवर पोचणं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीनुसार आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला, तर बहुतेक संभाषणांना अडथळा येत नाही. संध्याकाळी माणसं घरी येतात, फोन वायफायला लागतात आणि फोटोंचा बॅकअप सुरू होतो. अपलोडची लाइन काठोकाठ भरते. जास्तीची पॅकेट्स राउटर किंवा मोडेमच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, रांगेत थांबतात आणि तुमच्या आवाजाची पॅकेट्स त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहतात. डाउनलोडची 'मिळालं' अशी पोचही अपलोडवरूनच परत जाते, त्यामुळे डाउनलोडदेखील मंदावतं. टेस्ट मात्र आपण लाइन रिकामी असताना करतो आणि ती १०० दाखवते. ती खोटं बोलत नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात नाही.

याला बफरब्लोट म्हणतात. संगणक अभियंते जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास आपल्या घरच्याच कनेक्शनवर त्याचा माग काढला. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही रांग आटोक्यात ठेवण्याची पद्धत मांडली. आज कित्येक राउटरमध्ये ती एसक्यूएम नावाच्या सेटिंगमधून मिळते. तिथे वेगाची मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगाच्या साधारण ९० टक्के ठेवायची, म्हणजे रांग राउटरच्या ताब्यात राहते. सेटिंग नसेल तर बॅकअप रात्री उशिरावर टाका. दोन्हीला पैसे लागत नाहीत, म्हणून मी मोठ्या प्लॅनच्या आधी यांचा आग्रह धरतो. मोठ्या प्लॅनने अपलोड वाढला तर रांग लवकर सरेल, हे खरं. पण बॅकअप मिळेल तेवढी जागा भरतोच.

डीएनएसचं काम वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणं, एवढंच. तो संथ असेल तर पान उघडायला उशीर होतो. एकदा कॉल जोडला गेला की त्याचा संबंध संपला.

आणि पिंग शिकवतो, कारण ही रांग त्यातूनच दिसते. विंडोजवर पिंगच्या कमांडला डॅश टी (-t) जोडलं की ते आपण थांबवेपर्यंत चालत राहतं. लाइन रिकामी असताना १५-२० मिलिसेकंद दिसले आणि मोठी फाइल अपलोडला लावताच ३००-४०० झाले, तर रोग सापडला. हे बघायला तांत्रिक शिक्षण लागत नाही. दर महिन्याला बिल भरणाऱ्या माणसाला आपला वेग कुठे अडतो हे स्वतः तपासता यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आज संध्याकाळी केबलवरून पिंगचे हे दोन आकडे घ्या, एक लाइन रिकामी असताना आणि एक अपलोड चालू असताना. राउटरच्या मॉडेलसह ते इथेच लिहा. त्यात एसक्यूएम असेल तर ते कुठल्या मेनूत सापडेल ते बघून सांगतो. केबलवर दोन्ही आकडे चांगले आले आणि वायफायवर बिघडले, तर राउटर कुठे ठेवलाय आणि फोन वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झवर आहे की ५ वर, तेही लिहा.