भाजीच्या रांगेत पासपोर्ट

परवा कट्ट्यावर आवाज चढले ते थेट जर्मनीतल्या एका रांगेवरून. वकिलाची भाची एसेनला शिकते आणि सवड मिळाली की तिथल्या 'टाफेल'मध्ये हातभार लावते. सुपरमार्केट आणि बेकऱ्यांत मुदत संपत आलेला, पण खाण्याजोगा माल उरतो. टाफेलचे स्वयंसेवक तो गाड्यांतून गोळा करतात, निवडतात आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरांना नाममात्र पैशांत देतात. १९९३ साली बर्लिनमधल्या काही बायकांनी हे काम सुरू केलं. आज देशभरात ९०० हून जास्त टाफेल आहेत आणि साठ हजारांहून जास्त माणसं त्यांत राबतात. त्यांतली कितीतरी निवृत्त.

भाची सांगते, ढोबळ्या मिरच्यांच्या जाळीत एक सडकी निघाली की दुकानवाले आख्खी जाळी बाजूला काढतात. हे लोक जाळी फाडतात, सडकी फेकतात, बाकीच्या पुसून क्रेटमध्ये रचतात. तासन्‌तास हेच काम.

"पण त्याच एसेनला परदेशी लोकांना दार बंद केलं होतं ना?" बापूने विचारलं. त्याचं वाचन दांडगं आहे.

झालं होतं खरं. २०१५ मध्ये सीरिया, इराक, अफगाणिस्तानातून लाखो माणसं जर्मनीत आली आणि एसेनच्या टाफेलमध्ये परदेशी घरांचं प्रमाण वाढत वाढत ७५ टक्क्यांवर गेलं. तरण्या पुरुषांच्या गर्दीत जर्मन म्हाताऱ्या आणि एकट्या आया यायच्या बंद झाल्या, असं संस्थेचं म्हणणं. म्हणून जानेवारी २०१८ पासून माल घेण्याचं नवीन कार्ड फक्त जर्मन पासपोर्टवाल्यांना. देशभर गदारोळ झाला. कोणीतरी रात्रीतून त्यांच्या गाड्यांवर रंगाने 'नाझी' लिहून गेलं. तेव्हाच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनीही अशी वर्गवारी बरी नव्हे असं सांगितलं.

"चूकच होती ती," वकील म्हणाला. "दारात गरिबीचा कागद तपासतात ना? मग पासपोर्ट कशाला? सीरियाच्या बाईची दोन पोरं काय कमी जेवतात?"

मास्तर भडकले. "अरे, त्या टाफेलचे प्रमुख योर्ग झार्टोर म्हणजे खाणीतून निवृत्त झालेला माणूस. फुकट राबणारा. आपली रोजची म्हातारी गिऱ्हाइकं दिसेनाशी झाली हे त्याला दिसत होतं. तू इथे बसून त्याला न्याय शिकवणार?"

"म्हातारी येत नाही तर तिला वेगळी वेळ द्या. सीरियाच्या बाईला हाकलून म्हातारी कशी परत येईल?"

इथे मला राहवेना. मी वकिलाच्या बाजूचा आहे. पासपोर्ट बघणं चूकच होतं. पण गाड्यांवर ते लिहिणाऱ्याची मला जास्त चीड येते. २०१८ साली एकट्या माणसाला सरकारी मदत मिळायची महिन्याला ४१६ युरो, घरभाडं वेगळं. त्यात जेवणाचा वाटा दिवसाला पाच युरोंच्याही आत. आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागायचा असेल तर मदत आणखी कमी, ३५४. युरोपातल्या सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थेच्या देशाने हे आकडे ठरवायचे आणि पुरलं नाही की त्या घरांनी सुपरमार्केटच्या उरलेल्या पावाच्या रांगेत उभं राहायचं. त्या रांगेत भांडण लागलं की शिव्या कोणाला? क्रेट उचलणाऱ्याला. माल दुकानं देतील तेवढाच. माणसं दुप्पट झाली म्हणून काल उरलेले पाव दुप्पट होत नाहीत.

"म्हणजे सरकारने करावं आणि टाफेल बंद करावी?" बापू.

"बंद कशाला? पण सरकारने तिच्या भरवशावर राहू नये."

मास्तरांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, सरकार पैसे देईल, पण एकट्या म्हातारीशी दोन शब्द बोलायला आणि अरबी बोलणाऱ्या बापाला कोणतं पीठ कशाचं हे दाखवायला माणूसच लागतो. हे मात्र आम्हा सगळ्यांना मान्य झालं. भाचीही हेच सांगते: निम्मं काम बोटाने दाखवून चालतं.

एसेनने एप्रिल २०१८ मध्ये ती बंदी उठवली. माल कमी पडला तर एकट्या आया, मुलंबाळं असलेली घरं, वृद्ध यांना आधी घ्यायचं असं ठरलं, पासपोर्ट कुठलाही असो. "हेच आधी सुचायला हवं होतं," वकील म्हणाला.

"आणि २०२२?" मास्तरांनी लगेच पकडलं. युक्रेनमधून १० लाखांहून जास्त माणसं आली, त्यात महागाई. जवळपास एक तृतीयांश टाफेलना नवीन नावं घेणं थांबवावं लागलं. काही ठिकाणी आठवड्याचं वाटप पंधरवड्यावर गेलं. तेव्हा प्रश्न पासपोर्टचा नव्हता, तिथे नव्या नावांना सरसकट दार बंद. "तुझ्या न्यायाने ते बरोबर. पण बाहेर राहिलेल्याचं काय?"

वकील म्हणाला, पंधरवड्याने द्या, निम्मं द्या, पण नाव लिहून घ्या. मास्तर म्हणाले, निम्म्या पिशवीत घर चालत नाही, मग दोघंही उपाशी. त्यावर बापू वकिलाच्या बाजूला गेला. मीही गेलो. मास्तर अजून ऐकायला तयार नाहीत.