वासोट्याच्या वाटेवर मोकळीक मागणाऱ्यांसाठी

सकाळपासून तीन ग्रुपवर एकच रील आलं. वासोटा किल्ल्यावरचा बाबुकडा, अगदी धारेवर पाय सोडून बसलेली चार पोरं, हातात रंगीत धुराच्या नळकांड्या आणि मागे दणदणता स्पीकर. त्याने डोकं फिरलंच. पण खरा संताप आला तो खालच्या कमेंट वाचून. 'तिथे फॉरेस्टवाल्यांची फार नाटकं असतात', 'बाटल्या मोजतात, आम्ही काय चोर आहोत का', 'गडावर मुक्कामाला परवानगी द्या, महसूल तरी वाढेल'. हे लिहिणाऱ्यांत माझ्या यादीतली, दर शिवजयंतीला गडावरून फोटो टाकणारी माणसं आहेत. म्हणून लिहितेय. अनोळखी माणसांशी भांडायला मला वेळ नाही.

ज्यांनी वासोटा केला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला जायचं, तिथे वनखात्याचा परवाना काढायचा, ओळखपत्र दाखवायचं आणि लाँचमध्ये बसायचं. शिवसागर जलाशयातून तास-दीड तास गेल्यावर मेट इंदवलीला उतरायचं. तिथे वनखात्याची चौकी आहे. पिशव्या उघडून प्लास्टिक मोजतात, अनामत घेतात, परत येताना तेवढंच दाखवलं की अनामत परत. मग ओढ्याकाठच्या मारुतीला हात जोडून जंगलात शिरायचं, वर जाऊन गड बघायचा आणि अंधाराआधी खाली यायचं. गडावर मुक्काम नाही. पावसाळ्यात वाट बंद. एवढीच ती 'नाटकं'.

गेल्या हिवाळ्यात आमचा गट गेला होता तेव्हाचं सांगते. चौकीवर एक वनरक्षक मुलगी होती, फार तर पंचविशीची. टेबलावर एकेक सॅक रिकामी करून घेत होती. पाण्याच्या बाटल्या एका बाजूला, वेफर्सची पाकिटं दुसऱ्या बाजूला, चिक्कीचे कागदसुद्धा मोजून रजिस्टरमध्ये आकडा लिहीत होती. आमच्या पुढे दुसऱ्या लाँचमधला मोठा गट होता. त्यातले एक गृहस्थ तिच्यावर चढलेच. 'मी टॅक्स भरतो, तू माझी बॅग उघडणारी कोण?' पोरीने मान वर केली नाही. 'सर, खिशातलं चॉकलेट राहिलं,' एवढंच म्हणाली आणि तेही लिहून घेतलं.

आता हे 'टॅक्स भरतो' प्रकरण. अहो, हे कोयना अभयारण्य आहे. 1985 पासून. 2010 मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेला. 2012 मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यातही कोयना आहे. त्या दिवशी 'आमचा सह्याद्री, आमचा अभिमान' म्हणून तुम्हीच पोस्ट टाकल्या होत्या ना? मग त्या अभिमानाला एक पिशवी उघडून दाखवायला एवढं जड का जातं? वासोट्याचं दुसरं नाव व्याघ्रगड आहे. ते कशावरून पडलं असेल याचा विचार करा आणि मग तिथे रात्री शेकोटी पेटवायची परवानगी मागा.

धुराच्या त्या नळकांड्यांचं तर मला बोलायचीही इच्छा नाही, पण बोलते. दिवाळीनंतर तिथलं गवत वाळायला लागतं. वणवा पसरू नये म्हणून वनमजूर उन्हात राबून जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढतात. कड्यावर वारा कसा असतो ते तिथे उभं राहिलेल्याला माहीत आहे. एक ठिणगी उडाली तर खाली सगळं जंगल आहे, आणि विझवायला जायला गाडीरस्ता नाही. तुमचे पंधरा सेकंद होतात, तिथे डोंगर काळा पडतो.

आणि तो स्पीकर! धनेश पक्ष्याची मादी विणीच्या काळात झाडाच्या ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. एक फट तेवढी ठेवते. पुढचे कित्येक आठवडे नर उंबर, वडाची फळं आणून त्या फटीतून तिला आणि पिल्लांना भरवतो. हा काळ म्हणजे उन्हाळा, तुमच्या सहलींचाही हंगाम. खाली गाण्यांचा दणदणाट चालला असेल तर तो नर ढोलीकडे यायला बिचकणार नाही? आत बसलेलीने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

मान्य, सगळीच पोरं अशी नसतात. आमच्या गटातली दोन कॉलेजची मुलं इतरांच्या बाटल्या उचलत आली होती. आणि हेही मान्य की सुट्टीच्या दिवशी रांग लागते, ऊन चढतं, जीव वैतागतो. पण म्हणून नियम उठवायचे?

तर ते गृहस्थ. संध्याकाळी आम्ही उतरलो तेव्हा पुन्हा तेच टेबल, तीच पोरगी आणि हे पुढे. मोजणीत एक बाटली कमी निघाली. अनामत मिळणार नाही म्हटल्यावर आवाज चढला. 'एका बाटलीसाठी एवढं?' तेव्हा मात्र ती बोलली. 'सर, कुठे बसला होता जेवायला?' म्हणाले, वर, पाण्याच्या टाक्याजवळ. 'बरं. उद्या सकाळी मला तिकडे जायचंच आहे, आणते मी.' तिच्या आवाजात राग नव्हता आणि त्यानेच मला जास्त लागलं. टेबलामागे एक गोणी होती. तिची शिवण उसवलेली, आणि तोंडाशी लहान बाळाचं डायपर दिसत होतं. कुणीतरी डायपर घेऊन गड चढलं आणि तिथेच टाकून आलं. ती गोणी पाठीवर घेऊन खाली आणणारी हीच पोरगी, किंवा तिच्याबरोबरचा कुणी वनमजूर. सांबरासारखं जनावर मिठाच्या चवीला वेफर्सची पिशवी चघळतं आणि ती पोटात जाते, हे मी सांगायला हवं का तुम्हाला?

आमच्या लाँचचे काका हे सगळं बघत उभे होते. परतताना, पाण्याच्या मध्यावर आल्यावर, म्हणाले, 'आमची वावरं ह्या पाण्याखाली गेली ताई. तेव्हा आम्हाला कुठं कोण विचारायला आलं होतं. आणि ह्यांना एक बाटली सांभाळता येईना.'

त्यानंतर बामणोलीपर्यंत मी काही बोलू शकले नाही.

कारण आपण ज्याला 'लेक व्ह्यू' म्हणतो ते कोयना धरणाचं पाणी आहे. 105 टीएमसी, म्हणजे 105 अब्ज घनफूट. त्याच्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले, आपल्या घरात दिवे लागले. त्यासाठी जावळीतली, पाटणमधली माणसं देव-देव्हाऱ्यांसकट उठली. कुणी सोलापूर-सांगलीकडे गेलं, कुणी ठाणे-रायगडात. साठ वर्षं उलटली तरी पुनर्वसनाच्या जमिनीसाठी कोयना धरणग्रस्तांना आंदोलनं करावी लागतात. जे मागे राहिले त्यांच्यावर पुढे अभयारण्य आलं, मग व्याघ्र प्रकल्प, मग पुन्हा गावं उठली. मेट इंदवली हे स्वतःच उठलेलं गाव. तुम्ही जिथे सॅक टेकवता तिथे कुणाचं तरी जोतं आहे.

म्हणून 'जंगल सगळ्यांचं आहे' असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. आहे, सगळ्यांचं आहे. पण किंमत सगळ्यांनी मोजलेली नाही. ज्यांनी मोजली ते आज लाँच चालवतात, भाकरी-पिठलं करून घालतात, चौकीवर बाटल्या मोजतात. त्यांच्यावर आवाज चढवायचा हक्क आपल्याला कुठून आला? उद्या नियम सैल झाले, गडावर तंबू आले, तर पैसा त्यांच्या हातात जाईल असं वाटतं का? बाहेरचा कुणीतरी कंत्राट घेईल आणि हे त्याच्याकडे रोजंदारीवर राबतील. धरणकाठच्या तंबूंचं काय झालंय ते पवनेला जाऊन बघा.

हे लिहिताना राग थोडा उतरलाय. त्या रीलमधल्या पोरांचा आता तेवढा राग येत नाही, ती शिकतील. त्यांना सोबत घेऊन जाणारा कुणी जाणता माणूस भेटला नाही, एवढंच. राग आहे तो माझ्या वयाच्या, कळत्या माणसांचा. तुम्हाला सगळं माहीत आहे आणि तरी तुम्ही त्या कमेंटला लाइक ठोकलंत.

ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी: जानेवारीच्या शेवटी आमचा गट पुन्हा निघतोय. पाणी स्टीलच्या बाटलीत, खाऊ डब्यात, स्पीकर घरी. ओळखपत्राची प्रत सोबत. जेवण बामणोलीत, तिथल्याच घरी, आणि पैशात घासाघीस करायची नाही. चौकीवर सॅक आपणहून उघडायची. हे पटत असेल तर खाली नाव लिहा. ज्यांना गडावर मुक्काम करायचाच आहे त्यांनी कृपा करून मला मेसेज करू नये.